नऊ हजारांची वायर घेण्याआधी

निपाणीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन-अडीचशे एलपी आहेत, निम्म्या नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय, काही कन्नड भावगीतांच्या. त्या ऐकायला म्हणून त्यांनी जुनं पण चालू स्थितीतलं बेल्टचं टर्नटेबल घेतलं. आता सुई रेकॉर्डवर नसतानाही ‘गुंऽऽ’ असा आवाज येतो, डावीकडचा स्पीकर मधेच बंद पडतो, आणि गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ कानाला ओरबाडतात. दुकानात त्यांना सांगितलं गेलं की टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंतची वायर बदला, चांदीची घ्या, नऊ हजारांना मिळेल, सगळं सुटेल. घेऊ का, एवढाच त्यांचा प्रश्न.

मी बेळगावच्या शहापुरात चौतीस वर्षं रेडिओ, टेप, अँप्लिफायर आणि टर्नटेबलची दुरुस्ती करतो. मधली पंधरा वर्षं टर्नटेबल जवळजवळ कुणी आणत नव्हतं, आता महिन्याला चार-पाच येतात. माझं उत्तर सरळ आहे: आत्ता घेऊ नका. पण ‘वायरनं काही फरक पडत नाही, सगळी फसवणूक आहे’ असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. घरातल्या सगळ्या ऑडिओ वायरींमध्ये टर्नटेबलची वायर सगळ्यात नाजूक जागी बसलेली असते. तिच्यामुळे आवाज बिघडू शकतो, चांगलाच बिघडू शकतो. मात्र बिघडलेली वायर नीट करणं आणि नीट असलेल्या वायरीच्या जागी महागडी घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात या दोन्हींची सरमिसळ होते आणि गिऱ्हाईक तिथंच फसतं.

ती जागा नाजूक का, ते आधी समजून घ्या. सीडी प्लेअरमधून साधारण दोन व्होल्टचा सिग्नल निघतो. टर्नटेबलच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई जिला बसवलेली असते त्या डबीतून, निघतो चार-पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे त्याच्या चारशेव्या-पाचशेव्या भागाइतका. एवढासा सिग्नल फोनो प्रीअँप, म्हणजे अँप्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटमागचं किंवा काही टर्नटेबलांच्या आतलं छोटं सर्किट, शंभरपटीच्या आसपास वाढवतो. शिवाय रेकॉर्डची खाच कापताना बेस मुद्दाम कमी केलेला असतो आणि ट्रेबल वाढवलेला असतो. वाजवताना प्रीअँप त्याच्या उलट करतो. याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, 1954 सालापासून हेच प्रमाण चालत आलं आहे. या उलटापालटीत 50 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झच्या आवाजाच्या सुमारे सातपट जास्त वाढतो. आणि आपल्या घरातली लाईट किती हर्ट्झची? 50 हर्ट्झचीच. त्यामुळे वायरीत लाईटची किंचितशी गुणगुण शिरली तरी स्पीकरमध्ये ती भुंग्यासारखी ऐकू येते. हीच वायर सीडी प्लेअरला लावली तर काहीही ऐकू येणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न मी उलट तुम्हालाच विचारतो: तुमच्या टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाईन’ असं लिहिलेलं बटण आहे का? असेल आणि ते ‘लाईन’वर असेल, तर प्रीअँप टर्नटेबलच्या आतच आहे आणि बाहेरच्या वायरीतून वाढवलेला, दणकट सिग्नल जातो आहे. अशा वेळी मीटरभराची कुठलीही धड शिल्डेड (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली) वायर पुरेशी आहे, पुढचं अर्धं उत्तर तुम्हाला लागूच नाही. एवढं मात्र बघा की ‘लाईन’वर ठेवून अँप्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटला जोडलेलं नाही ना. तसं जोडलं की सिग्नल दोनदा वाढतो, आवाज फाटतो आणि ‘स’ तर आधी फाटतो. उलट जोडलं, म्हणजे ‘फोनो’वर ठेवून अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ या साध्या इनपुटला लावलं, तर आवाज बारीक आणि बेस नसलेला येतो. दर पाच-सहा गिऱ्हाइकांत एकाचं दुखणं एवढ्यावरच बरं होतं.

बटण नसेल असं धरून पुढे जातो.

गुणगुणीपासून सुरुवात करू. टर्नटेबलमधून डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन आरसीए पिनांशिवाय तिसरी एक बारीक वायर निघते, टोकाला चिमट्यासारखा कंगवा असलेली. ती अँप्लिफायरच्या मागे ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला घट्ट आवळलेली हवी. जुनं यंत्र हातोहात फिरून आलं की ही वायर बहुतेक तुटलेली किंवा आतून सुटलेली असते. ती नसली तर चांदीची काय, सोन्याची वायर घाला, गुंऽऽ जाणार नाही. ती असूनही गुणगुण असेल तर टर्नटेबल आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. दोन वेगवेगळ्या भिंतींवरच्या प्लगांतून घेतलेलं अर्थिंग पुष्कळदा हाच आवाज करतं. केबल टीव्हीची वायर अँप्लिफायरला जोडलेल्या टीव्हीत आली असेल तर ती काढून बघा. आणि कृपा करून अँप्लिफायरच्या प्लगची जाडी पिन कापू नका. ‘अर्थ काढला की हमिंग जातं’ असं सांगणारे मेकॅनिक आपल्याकडे आहेत. हमिंग जातं, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर करंट थेट पत्र्यावर येतो आणि तुमच्या हाताला लागतो. घरात मुलं असतात.

अँप्लिफायरच सदोष आहे का हे ओळखायला माझ्याकडे दोन ‘शॉर्टिंग पिन’ आहेत. जुन्या आरसीए पिना घ्यायच्या, मधला खांब आणि बाहेरची कडी आतून झाळून एक करायची. या पिना ‘फोनो’ इनपुटला लावा आणि आवाज वाढवा. तरीही गुंऽऽ येत असेल तर टर्नटेबल आणि वायर दोघंही निर्दोष, कपॅसिटर बदलायला अँप्लिफायर उघडावा लागेल. शांत झालं तर दोष बाहेर आहे. इनपुट नुसतं उघडं ठेवून ही परीक्षा करू नका. उघडं इनपुट चांगल्या अँप्लिफायरलाही गुणगुणायला लावतं आणि माणूस भलत्याच निष्कर्षावर जातो.

इन्व्हर्टरचंही बघा. हल्ली घरोघरी टीव्हीच्या कपाटाखाली इन्व्हर्टर असतो आणि वर टर्नटेबल. लाईट गेली की गुंऽऽ ऐवजी कर्कश ‘झर्रर्र’ होत असेल, तर वायर लाईटचीच धून उचलते आहे. टर्नटेबलची वायर इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि लाईटच्या वायरींपासून हातभर लांब न्या, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, शेजारून समांतर नको. याला पैसे लागत नाहीत.

आता मधेच बंद पडणारी डावी बाजू. टर्नटेबलची वायर काढता येण्यासारखी असेल तर हे घरी तपासता येतं. आधी फक्त अँप्लिफायरकडच्या दोन पिनांची अदलाबदल करा. बंद पडणं डावीकडेच राहिलं तर दोष अँप्लिफायर किंवा स्पीकरचा. ते उजवीकडे गेलं तर दोष वायर, हेडशेल (टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा निघता भाग) किंवा कार्ट्रिजचा. मग दोन्ही टोकांना अदलाबदल करा, म्हणजे लाल पदर डाव्याला, पांढरा उजव्याला, दोन्हीकडे सारखाच. आता दोष उजवीकडे गेला तर वायर खराब. डावीकडेच राहिला तर हेडशेलकडे चला.

आणि मी पैजेवर सांगतो, तो बहुतेक हेडशेलमध्येच सापडेल. गेल्या जुलैत खानापूरकडच्या एका घरातून टर्नटेबल आलं होतं, हीच तक्रार. त्यांनी तुम्हाला सांगितली तसलीच महागडी वायर आधीच घेऊन लावली होती. मी टोनआर्मची कडी फिरवून हेडशेल काढलं. मागच्या चार बारीक पिनांपैकी एकीवर, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसा हिरवा थर. टोनआर्मच्या तोंडातल्या चार टिकल्यांपैकी एक आत दबून अडकलेली. खानापूरच्या पावसात चार महिने भिंतीला पाझर असतो, पितळ हिरवं न होऊन काय करेल? पिना पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं घासल्या, मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, दबलेली टिकली टाचणीनं चार-पाचदा आत-बाहेर खेळवून मोकळी केली. वीस मिनिटांचं काम. घासायला सँडपेपर कधी घेऊ नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट हिरवं होतं.

हेडशेल काढलंच आहे तर आतले चार रंग तपासा: पांढरा डाव्याचा, निळा डाव्याचा ग्राउंड, लाल उजव्याचा, हिरवा उजव्याचा ग्राउंड. त्यांच्या टोकाच्या बारीक क्लिपा कार्ट्रिजच्या पिनांवर सैल बसल्या असतील तर टूथपिकवर घालून किंचित दाबा. क्लिप कार्ट्रिजवर असताना तिला सोल्डरिंग आयर्न लावू नका, आतली कॉइल जाते. मल्टिमीटरनं वायरीची कंटिन्युइटी (ती कुठं तुटलेली नाही ना) बघायची असेल तर हेडशेल काढूनच बघा, कार्ट्रिजमध्ये मीटरचा करंट सोडू नका.

तिसरी तक्रार, ‘स’ आणि ‘श’. इथं मात्र वायरीचा खरा संबंध येऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमएम कार्ट्रिजच्या आत बारीक तारेची कॉइल असते, हजारो वेढ्यांची. तिचा इंडक्टन्स अर्धा हेन्रीच्या आसपास असतो. शिल्डेड वायरीत मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा बारीकसा साठा धरायची क्षमता असते, वायर जितकी लांब तितकी जास्त. कॉइल आणि हा कपॅसिटन्स मिळून एक ट्यून्ड सर्किट तयार होतं, रेडिओचं स्टेशन लावतो तसंच. ते जिथं ‘लागतं’ तिथं आवाजात उंचवटा येतो आणि त्याच्या वरचा ट्रेबल उतरायला लागतो. एकूण कपॅसिटन्स 200 पिकोफॅरड (हे त्याचं माप) असेल तर हा उंचवटा सोळा हजार हर्ट्झच्या जवळ पडतो, तिथं तो फारसा जाणवत नाही. 400 झाला की अकरा हजारांवर खाली येतो. म्हणून कार्ट्रिजच्या कागदावर लोड 47 किलोओहम आणि कपॅसिटन्स किती ते छापलेलं असतं. काहींना 100 ते 200 हवा असतो, काहींना 150 ते 300. यात वायर, टोनआर्मची आतली तार आणि प्रीअँपच्या इनपुटचा कपॅसिटन्स, तिन्हींची बेरीज धरायची असते.

टिळकवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांची गोष्ट. त्यांचं टर्नटेबल खिडकीशी, अँप्लिफायर समोरच्या भिंतीला. मधे तीन मीटरची वायर, चांगल्यापैकी जाड, स्वस्तातली नव्हे. मास्तर म्हणाले, झांजा वाजल्या की दात शिवशिवतात. माझ्या मीटरवर कपॅसिटन्सची रेंज आहे. वायर दोन्हीकडून काढून मोजली तर 390 पिकोफॅरड. प्रीअँपचे 150, टोनआर्मचे वीसेक. बेरीज 560. उंचवटा आला साडेनऊ हजारांवर, म्हणजे ‘स’च्या बरोब्बर शेजारी. मी त्यांना नवी वायर विकली नाही. जुनीच कापून एक मीटर केली, पुन्हा पिना झाळल्या आणि अँप्लिफायर टर्नटेबलच्या शेजारी आणायला सांगितला. तीन मीटरचं अंतर स्पीकरच्या वायरींनी भरून काढलं, त्या वायरींना एवढी लांबी चालते. बेरीज 300 वर आली, उंचवटा तेरा हजारांवर सरकला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि अर्धा तास नुसते रेकॉर्डींबद्दलच बोलत राहिले.

हा फरक वायरीनं पडला, हे खरं. पण तो पडला लांबीनं आणि कपॅसिटन्सनं. चांदीनं नव्हे, किमतीनं नव्हे. महाग वायरीचाही कपॅसिटन्स जास्त असू शकतो, आणि पाकिटावर तो छापलेला नसेल तर मी ती टर्नटेबलसाठी घेत नाही. चांदी तांब्यापेक्षा वीज थोडी जास्त चांगली वाहते, सहा टक्क्यांच्या आसपास. पण मीटरभर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मुळात ओहमच्या दहाव्या भागाइतका. कार्ट्रिजच्या कॉइलचाच काहीशे ओहम असतो, आणि समोर प्रीअँपचं इनपुट 47,000 ओहमचं. त्या दशांश ओहमातले सहा टक्के कुठं जाऊन ऐकू येणार?

मीही आधी हिशेबावर भागवलं नव्हतं, ऐकूनच बघितलं. एका गिऱ्हाइकाची किमती वायर दुकानात आली होती आणि मी केलेली साधी वायर होती, दोन्ही मीटरभर, कपॅसिटन्स जवळजवळ सारखा. पहिल्यांदा मीच वायरी बदलत ऐकलं आणि किमती वायर मला खरोखर उजळ वाटली. मग मुलाला वायरी बदलायला बसवलं, मी पाठ करून बसलो. वीस वेळा ओळखायला सांगितलं, अकरा वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तेव्हापासून ‘वायर बदलली आणि पडदा उठला’ असं कुणी सांगितलं की मी विचारतो, बदलताना पिना साफ झाल्या होत्या का? जुन्या कळकलेल्या पिना काढून नव्या कोऱ्या लावल्या की आवाज सुधारतोच, पण ते श्रेय चकाकत्या पिनांचं. जुन्याच वायरीच्या पिना पुसल्या असत्या तरी मिळालं असतं.

तुमच्या ‘स’बद्दल मला मात्र वायरीपेक्षा सुईचा संशय जास्त आहे. एक साधी गोष्ट करा. एकाच गायकाची एक पूर्ण बाजू ऐका. पहिल्या गाण्यात ‘स’ ठीक आणि शेवटच्या, लेबलाजवळच्या गाण्यात फाटतो, असं असेल तर वायर निर्दोष आहे. सुई रेकॉर्डच्या काठावर आहे की मध्यावर, हे वायरीला कुठं माहीत असतं? काठावर खाच सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटीमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, तिथं झिजलेली किंवा तिरकी बसवलेली सुई पहिल्यांदा उघडी पडते. साधी एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई तीनशे ते पाचशे तास टिकते. सेकंडहँड यंत्राबरोबर आलेली सुई किती तास चालली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झिजलेली सुई नुसता आवाज खराब करत नाही, वडिलांच्या रेकॉर्डींची खाच खरवडते, आणि ती परत भरून येत नाही. नऊ हजार हातात असतील तर त्यातले अडीच-तीन नव्या सुईला द्या. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलंय तेवढंच ठेवा. रेकॉर्ड जपायची म्हणून कमी ठेवलं तर सुई खाचेत उडते आणि उलट जास्त नुकसान करते. लाखेच्या जुन्या 78च्या तबकड्या असतील तर त्या या सुईनं वाजवू नका, त्यांना चौपट जाड टोकाची सुई लागते.

हे सगळं करून वायर खरोखर खराब निघाली, पिन हलवली की करकर होते, जाळी तुटली आहे, तर बदला. एक मीटरची, मीटरला 60-70 पिकोफॅरडच्या आसपासची, चांगल्या जाळीची, घट्ट बसणाऱ्या पिनांची. मी करून देतो ती हजार-बाराशेत होते. तुमचं कार्ट्रिज एमसी (मूव्हिंग कॉइल) प्रकारचं असेल तर कपॅसिटन्सची चिंता सोडा, पण शिल्ड आणि ग्राउंडची दुप्पट करा, कारण त्याचा सिग्नल एमएमच्या दहाव्या भागाइतकाच असतो.

चाचणीला माझ्या टेबलावर कुमार गंधर्वांची एक एलपी असते. ते आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, याचा अभिमान आहेच. पण त्यांच्या दोन स्वरवाक्यांमध्ये जी शांतता असते तिच्यात गुणगुण लपत नाही. तुमच्याकडे त्यांची एखादी असेलच. दुरुस्ती झाली की ती लावा आणि तेवढी शांतता ऐका.

यातून सुटलं नाही तर कार्ट्रिजचं नाव, अँप्लिफायरचं नाव आणि वर सांगितलेल्या अदलाबदलीत काय झालं ते कळवा. यंत्र घेऊन यायचं असेल तर हायवेवर आणताना आधी हेडशेल काढून वेगळ्या डबीत ठेवा, टोनआर्म त्याच्या खुंटीला बांधा, मागचं वजन आणि वरची जड थाळी उतरवून कापडात गुंडाळा. थाळी वरच ठेवून आणलेल्या दोन यंत्रांचं बेअरिंग वाटेतच गेलेलं मी पाहिलं आहे.